टचपॅड कधी सापडतो, कधी हरवतो: लिनक्सवर बिघाडाची जागा कशी शोधायची

लॅपटॉप सुरू केला, पासवर्ड टाकला, टचपॅडवर बोट फिरवलं, तर कर्सर जागचा हलत नाही. रीबूट केलं की सगळं सुरळीत. दोन दिवसांनी पुन्हा तेच. त्यापेक्षा टचपॅड कायमचा बंद पडलेला परवडला, असं वाटायला लागतं.

पण शोध घेणाऱ्याच्या दृष्टीने हा अधूनमधून होणारा बिघाड जास्त सोयीचा असतो. ज्या टचपॅडला लिनक्सने एकदाही ओळखलेलं नाही, त्याच्या बाबतीत ड्रायव्हर नसण्यापासून तार तुटण्यापर्यंत सगळ्याच शक्यता उघड्या राहतात. दहापैकी सात वेळा चालणाऱ्या टचपॅडचा ड्रायव्हर आहे, जोडणी आहे आणि त्याचा पत्ताही बरोबर आहे, हे आधीच सिद्ध झालेलं असतं. शिवाय एकाच मशीनच्या एका चांगल्या आणि एका वाईट बूटच्या नोंदी तुमच्या हाताशी असतात. त्या शेजारी ठेवून फरक शोधायचा. कुठून तरी मिळालेले चार कर्नल पॅरामीटर (लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, सुरू होताना दिलेल्या सूचना) एकदम डकवण्याआधी हे करावं, कारण ते पॅरामीटर वेगवेगळ्या आजारांची औषधं आहेत आणि तुमच्या मशीनला त्यातला कुठला आजार आहे हे अजून ठरलेलंच नसतं.

एक सूचना आधीच: इथे आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती नेहमीच्या रोमन अक्षरांत टाइप करायची आहेत. जिथे ‘अंडरस्कोर’ हा शब्द आहे, तिथे ती खालची आडवी रेघ समजावी.

बोटापासून कर्सरपर्यंतचा रस्ता

टचपॅड ही लॅपटॉपच्या आतली एक स्वतंत्र छोटी यंत्रणा असते. तिच्यावर स्वतःचा प्रोसेसर आणि स्वतःचं फर्मवेअर (चिपमध्येच भरलेला प्रोग्राम) असतं. ती मुख्य बोर्डाशी बहुधा तीनपैकी एका वाटेने बोलते, आणि पुढचा सगळा तपास ही वाट कोणती यावर अवलंबून असतो.

सर्वांत जुनी वाट म्हणजे पीएस/२. आयबीएमने १९८७ मध्ये आणलेल्या संगणकांवरून हे नाव आलं. लॅपटॉपमध्ये ती गोल पिन आता दिसत नाही, पण कीबोर्ड सांभाळणारी एम्बेडेड कंट्रोलर चिप आतून तीच भाषा बोलते. लिनक्समध्ये ही बाजू ‘आय८०४२’ आणि ‘पीएसमाउस’ हे ड्रायव्हर सांभाळतात.

दुसरी वाट आयटूसी, म्हणजे चिपांना आपसात बोलण्यासाठीची दोन तारांची जोडणी. २०१२ च्या सुमारास विंडोज ८ च्या काळात ‘आयटूसीवरून एचआयडी’ (कीबोर्ड, माउससारख्या इनपुट साधनांची भाषा) हे मानक आलं आणि आजचे बहुतेक लॅपटॉप याच वाटेने जातात. इथे एका टचपॅडसाठी बऱ्याच जणांनी योग्य क्रमाने जागं व्हावं लागतं. टचपॅड कुठे आहे हे सांगणारे बायोसमधले (मुख्य बोर्डाच्या फर्मवेअरमधले) एसीपीआय तक्ते, मग आयटूसी कंट्रोलर (‘आयटूसी डिझाइनवेअर’), मग इंटरप्टची (‘माझ्याकडे बघ’ असा प्रोसेसरला दिलेला इशारा) पिन सांभाळणारा ‘पिनकंट्रोल’ ड्रायव्हर, मग ‘आयटूसी-एचआयडी’, आणि सर्वांत वर ‘एचआयडी-मल्टिटच’. मधला एक जरी उशिरा आला किंवा आलाच नाही, तरी टचपॅड हरवतो.

तिसरी वाट एसएमबस, म्हणजे आयटूसीचीच जवळची बहीण. सिनॅप्टिक्स आणि एलान यांचे काही टचपॅड आधी पीएस/२ वर ओळख देतात आणि मग एसएमबसवर उडी मारतात. ही उडी चुकली की ‘कधी चालतो, कधी नाही’ प्रकार हमखास होतो. यूएसबी किंवा एसपीआयवर बसलेले टचपॅडही असतात, पण मोजके.

या तिन्ही वाटा कर्नलमध्ये ‘इव्हेंट’ नावाच्या एका फाइलपाशी येऊन मिळतात. तिथून पुढे ‘लिबइनपुट’ ही लायब्ररी बोटांच्या हालचालींचा अर्थ लावते आणि डेस्कटॉप कर्सर हलवतो.

टचपॅड खरंच हरवलाय का?

टचपॅड बंद असताना बाहेरचा माउस लावा, टर्मिनल उघडा आणि ‘कॅट /प्रोक/बस/इनपुट/डिव्हायसेस’ चालवा. कर्नलला दिसणारं प्रत्येक इनपुट साधन इथे नावासह येतं. टचपॅडचं नाव या यादीत असेल, तर कर्नलने त्याला ओळखलेलं आहे आणि बिघाड वरच्या मजल्यावर असण्याची शक्यता मोठी. नाव नसेल तरच ओळखच होत नाही असं म्हणता येतं.

यादीत नाव असूनही कर्सर हलत नसेल, तर आधी साध्या गोष्टी तपासा. कीबोर्डवरच्या वरच्या ओळीतली टचपॅड बंद-चालू करणारी की चुकून दाबली जाते. नोम डेस्कटॉपमध्ये बाहेरचा माउस जोडला की टचपॅड आपोआप बंद करणारी सेटिंग असते. वायरलेस माउसचा छोटा रिसीव्हर यूएसबीत कायम राहिला असेल, तर माउस दप्तरात असला तरी सिस्टिमच्या लेखी तो जोडलेलाच असतो, त्यामुळे हा प्रकार ‘अनियमित’ वाटतो. नोममध्ये ‘जीसेटिंग्ज गेट ऑर्ग.नोम.डेस्कटॉप.पेरिफेरल्स.टचपॅड सेंड-इव्हेंट्स’ ही आज्ञा सध्याची स्थिती सांगते. उत्तर ‘एनेबल्ड’ हवं.

टाइप करताना टचपॅड काही क्षण बंद राहतो, ते लिबइनपुटने मुद्दाम केलेलं असतं, तळहाताच्या स्पर्शाने कर्सर उडू नये म्हणून. त्याला बिघाड समजू नये. ‘सुडो लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स’ चालवून बोट फिरवलं आणि ओळी उमटल्या, तर लिबइनपुटपर्यंत सगळं ठीक आहे, डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये शोधा. काहीच उमटलं नाही, तर एक पायरी खाली जाऊन ‘सुडो इव्हीटेस्ट’ चालवा आणि यादीतला टचपॅडचा क्रमांक द्या. तिथेही शांतता असेल तर गोष्ट कर्नलची किंवा हार्डवेअरची.

आणखी एक लक्षण फसवतं. टचपॅड चालतो, पण दोन बोटांनी स्क्रोल होत नाही. अशा वेळी यादीत टचपॅडच्या खऱ्या नावाऐवजी ‘पीएस/२ जेनेरिक माउस’ किंवा ‘आयएमपीएस/२ जेनेरिक व्हील माउस’ असं नाव दिसतं. म्हणजे ओळख अर्धवट झाली. ड्रायव्हरने ओळख विचारली तेव्हा टचपॅडने वेळेत नीट उत्तर दिलं नाही, म्हणून कर्नलने त्याला साधा माउस धरलं. आयटूसी टचपॅडमध्येही असंच होतं. तो सुरुवातीला माउस म्हणूनच वागतो, आणि ड्रायव्हरने ‘इनपुट मोड’मध्ये ३ हा आकडा लिहिला की टचपॅड म्हणून बोलू लागतो. तो आकडा पोचलाच नाही तर स्क्रोल आणि जेश्चर गायब.

आपली वाट कोणती?

याच यादीत टचपॅडच्या नोंदीची पहिली ओळ ‘बस’ या शब्दाने सुरू होणारा आकडा देते. ००११ म्हणजे पीएस/२, ००१८ म्हणजे आयटूसी, ००१डी म्हणजे सिनॅप्टिक्सची स्वतःची भाषा आरएमआय बोलणारा, बहुधा एसएमबसवरचा, आणि ०००३ म्हणजे यूएसबी. एलानचा एसएमबसवर बसलेला टचपॅडही ००१८ दाखवतो, एवढा अपवाद ध्यानात ठेवावा.

ही नोंद टचपॅड नीट चालत असताना घ्या आणि फाइलमध्ये जपून ठेवा. हरवल्यावर ती मिळणार नाही. चांगल्या दिवशी एक आकडा आणि वाईट दिवशी दुसराच दिसला, उदाहरणार्थ ००१८ च्या जागी ००११, तर अर्धा तपास तिथेच झाला. टचपॅड आपली नेहमीची वाट चुकून जुन्या वाटेवर पडतो आहे.

चांगला बूट आणि वाईट बूट शेजारी ठेवणे

यासाठी जुन्या बूटच्या नोंदी डिस्कवर राहायला हव्यात. ‘जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स’ चालवल्यावर एकच ओळ दिसली, तर मशीन बंद करताना नोंदी पुसल्या जात आहेत. ‘सुडो एमकेडिर -पी /व्हार/लॉग/जर्नल’ करून रीबूट करा. पुढच्या बूटपासून नोंदी टिकतील.

मग काही दिवस नेहमीसारखं वापरा आणि कागदावर चार रकाने ठेवा: तारीख व वेळ, टचपॅड चालला की नाही, मशीन कशी सुरू झाली, आणि चार्जर लावला होता का. तिसरा रकाना सर्वांत मोलाचा. सुरू होण्याचे प्रकार वेगवेगळे असतात: पूर्ण बंद करून चालू केलं, नुसतं रीबूट केलं, झोपेतून जागं केलं, किंवा विंडोजमधून लिनक्समध्ये आलो. चार-पाच बिघाड एकाच प्रकारात सापडले तर कारणांची यादी एकदम आखूड होते.

नोंदी काढताना शून्य म्हणजे आत्ताचा बूट, उणे एक म्हणजे त्याआधीचा. ‘जर्नलसीटीएल -के -बी -१ -ओ कॅट’ ही आज्ञा मागच्या बूटचे फक्त कर्नलचे संदेश वेळेशिवाय देते. चांगल्या आणि वाईट बूटच्या अशा दोन फाइली करा, दोन्ही ‘सॉर्ट’ करा आणि ‘डिफ’ने ताडून पाहा. वेळ काढून टाकल्यामुळे आणि क्रम लावल्यामुळे खरोखर वेगळ्या असलेल्या ओळीच मुख्यतः उरतात. तरी काही कचरा राहतो, म्हणून आयटूसी, एचआयडी, पीएसमाउस, सीरिओ, आय८०४२, एलान, सिना, पिनकंट्रोल, एलपीएसएस या शब्दांवर ‘ग्रेप’ने गाळणी लावा. क्रमाची शर्यत, म्हणजे कोणता ड्रायव्हर आधी जागा होतो यावर सगळं ठरत असल्याचा संशय असेल तर मूळ, सॉर्ट न केलेल्या नोंदी ‘-ओ शॉर्ट-मोनोटॉनिक’ लावून पुन्हा पाहा. त्यात प्रत्येक ओळ बूट झाल्यापासून किती सेकंदांनी आली ते कळतं.

कर्नल काय म्हणतोय

‘इनकंप्लीट रिपोर्ट’ आणि त्यापुढे कंसात तिरक्या रेघेनंतर ६५५३५ हा आकडा. ही ओळ फार बोलकी आहे. आयटूसीच्या दोन्ही तारा रेझिस्टरने वर ओढून धरलेल्या असतात. बोलणारं कुणी नसलं की तार वरच राहते आणि प्रत्येक बिट १ वाचला जातो. सोळा बिट सगळे १ म्हणजे ६५५३५. थोडक्यात, ड्रायव्हरने टचपॅडला विचारलं तेव्हा पलीकडे कुणीच नव्हतं: त्याची वीज गेली होती, तो झोपला होता, किंवा तार सैल होती.

‘कंट्रोलर टाइम्ड आउट’ ही ओळ ‘आयटूसी डिझाइनवेअर’कडून येते. इथे बहुधा उलटं असतं. कुणीतरी तार खाली दाबून धरली आहे आणि बस अडकली आहे. अर्धवट संभाषणात रीबूट झालं की टचपॅड डेटाची तार धरून बसतो. आयटूसीच्या नियमाप्रमाणे घड्याळाचे ९ ठोके दिले की तो ती सोडतो, पण हे करण्याची सोय प्रत्येक लॅपटॉपच्या जोडणीत नसते. म्हणून रीबूटने सुटत नाही आणि वीज पूर्ण तोडली की सुटतं.

‘फेल्ड टू रीसेट डिव्हाइस’ म्हणजे ड्रायव्हरने रीसेट पाठवला, पण ‘झालं’ असा इंटरप्ट ठरलेल्या वेळेत परत आला नाही. मानकात टचपॅडला यासाठी ५ सेकंद दिले आहेत. संशय इंटरप्टच्या पिनवर घ्यावा.

‘सप्लाय व्हीडीडी नॉट फाउंड’ पाहून पुष्कळ जण तिथेच अडकतात. ती ओळ चांगल्या बूटमध्येही असते. पीसीवर तिचा बिघाडाशी संबंध नसतो. शेजारी ठेवून पाहण्याचा फायदा हाच, असे खोटे संशयित आपोआप गळतात.

पीएस/२ वर ‘लॉस्ट सिंक’ किंवा ‘लॉस्ट सिंक्रोनायझेशन’ म्हणजे पाकिटातले बाइट मागेपुढे झाले. एखाददुसरी ओळ चालते, सतत येत असेल तर नाही. ‘पीएस/२ अपिअर्स टू हॅव ऑक्स पोर्ट डिसेबल्ड’ असं दिसलं तर बायोसने कर्नलला टचपॅडचं पोर्ट बंद असल्याचं सांगितलं आहे, आणि उपायही त्याच ओळीत लिहिलेला असतो: ‘आय८०४२.नोपीएनपी’. सिनॅप्टिक्सच्या बाबतीत ‘युअर टचपॅड सेज इट कॅन सपोर्ट अ डिफरंट बस’ असा लांब संदेश येतो. तो एसएमबसच्या उडीबद्दल आहे.

आणि कधी कर्नल काहीच म्हणत नाही. आयटूसी ड्रायव्हरला त्या पत्त्यावर कुणीच सापडलं नाही, तर तो ही गोष्ट नेहमीच्या लॉगमध्ये छापत नाही, फक्त डीबग पातळीवर नोंदवतो. वाईट बूटमध्ये टचपॅडच्या नावाची ओळच नसणं, हाही तितकाच ठोस पुरावा आहे.

एक छोटी पण नेमकी चाचणी: टचपॅड यादीत आहे, पण मुका आहे, अशा वेळी ‘/प्रोक/इंटरप्ट्स’ उघडा, टचपॅडच्या ओळीतले आकडे पाहा, दहा सेकंद बोट फिरवा आणि पुन्हा पाहा. पीएस/२ साठी ही ओळ १२ क्रमांकाची, आयटूसीसाठी टचपॅडच्या नावाची. आकडे जागचे हललेच नाहीत तर इंटरप्ट पोचत नाही. न स्पर्श करताही हजारोंनी वाढत असतील तर इंटरप्टचा पूर आला आहे, आणि तेव्हा एक सीपीयू कोअरही विनाकारण तापलेली आढळते.

पूर्ण बंद केल्यावर चालतो, रीबूटवर नाही

हे अडकलेल्या अवस्थेचं लक्षण. विंडोजही त्याच मशीनवर असेल तर तिथलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असताना विंडोजचं ‘शट डाउन’ म्हणजे अर्धी हायबरनेशन असते, आणि टचपॅड विंडोजच्या ड्रायव्हरने ठेवलेल्या अवस्थेत लिनक्सच्या हाती येऊ शकतो.

अवस्था पुसण्यासाठी लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. काही मॉडेलांना खालच्या बाजूला टाचणीने दाबायचं रीसेट छिद्र असतं, काहींच्या बायोसमध्ये आतली बॅटरी तात्पुरती तोडण्याचा पर्याय असतो. हे केल्यावर टचपॅड परत आला, तर हार्डवेअर बहुधा धड आहे.

नंतर बायोस अपडेट करा. टचपॅडचं वर्णन एसीपीआय तक्त्यांत असतं आणि ती तक्ते बायोसमध्ये, त्यामुळे कित्येक वेळा खरी दुरुस्ती तिथेच असते. ‘एफडब्ल्यूअपडीएमजीआर रिफ्रेश’ आणि मग ‘एफडब्ल्यूअपडीएमजीआर गेट-अपडेट्स’ करून पाहा. पुष्कळ मॉडेलांचं बायोस आणि एलान व सिनॅप्टिक्सच्या काही टचपॅडांचं फर्मवेअर तिथून मिळतं. एसरच्या काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये टचपॅडसाठी ‘बेसिक’ आणि ‘अॅडव्हान्स्ड’ असा पर्याय असतो. बेसिक म्हणजे पीएस/२, अॅडव्हान्स्ड म्हणजे आयटूसी. आयटूसी हट्ट करत असेल तर बेसिकवर टचपॅड बऱ्याचदा स्थिर चालतो, पण जेश्चर कमी होतात.

कोणत्याही बूटला, काही नियमच नाही

सुरू होण्याच्या प्रकाराशी संबंध दिसत नसेल तर शर्यतीचा संशय घ्यावा. आजच्या बूटमध्ये ड्रायव्हर समांतर लोड होतात आणि क्रम दर वेळी थोडा बदलतो. कर्नलमध्ये यावर उपाय आहे: ज्याला हवी ती गोष्ट अजून तयार नाही, तो ड्रायव्हर थांबतो आणि नंतर पुन्हा प्रयत्न करतो. कोण ताटकळत बसलंय ते वाईट बूटमध्ये ‘सुडो कॅट /सिस/कर्नल/डीबग/डिव्हायसेस अंडरस्कोर डिफर्ड’ने दिसतं. टचपॅडचं नाव तिथे असेल तर त्याला लागणारा एखादा मॉड्यूल (कर्नलला गरजेप्रमाणे जोडला जाणारा ड्रायव्हर) आलेलाच नाही, बहुधा पिनकंट्रोल. इंटेलच्या प्रत्येक पिढीचा पिनकंट्रोल वेगळा असतो आणि एएमडीचा वेगळा. स्वतः बांधलेल्या कर्नलमध्ये तो सुटून जाणं ही नेहमीची चूक आहे.

मॉड्यूल आहे पण उशिरा येतो, असं वेळेच्या नोंदींतून दिसलं, तर ‘/ईटीसी/मोडप्रोब.डी/’मध्ये ‘.कॉन्फ’ शेपटाची एक फाइल करा आणि एक ओळ लिहा: ‘सॉफ्टडेप’, मग ‘आयटूसी अंडरस्कोर एचआयडी अंडरस्कोर एसीपीआय’, मग ‘प्री’ आणि कोलन, मग पिनकंट्रोल मॉड्यूलचं नाव. त्यानंतर इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीलाच लागणाऱ्या मॉड्यूलांची गाठोडी) पुन्हा बांधायला विसरू नका: डेबियन व उबुंटूवर ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’, फेडोरावर ‘सुडो ड्रॅकट --फोर्स’, आर्चवर ‘सुडो एमकेइनिटसीपीआयओ -पी’, शेवटचं अक्षर मोठं. ही पायरी सुटली तर जुनाच क्रम चालत राहतो आणि उपाय निरुपयोगी असल्याचा गैरसमज होतो. मॉड्यूल कर्नलमध्येच बांधलेला असेल, म्हणजे ‘मॉड्यूल्स.बिल्टइन’ या यादीत असेल, तर सॉफ्टडेपचा उपयोग नाही.

टचपॅड पीएस/२ आणि आयटूसी दोन्हीकडे उत्तर देत असेल, तर ‘ब्लॅकलिस्ट पीएसमाउस’ ही ओळ त्याच फोल्डरमध्ये टाकून जुनी वाट बंद करता येते. कीबोर्डमधल्या लाल दांडीसारखं पॉइंटिंग साधन पीएस/२ वर असेल तर मात्र तेही बंद पडेल, आधी खात्री करा.

एसएमबसवर उडी मारणाऱ्या सिनॅप्टिक्सच्या बाबतीत ‘पीएसमाउस.सिनॅप्टिक्स अंडरस्कोर इंटरटच’ या पॅरामीटरला ० दिलं की तो पीएस/२ वरच राहतो, १ दिलं की उडी सक्तीची होते. झोपेतून उठल्यावर हरवणाऱ्या टचपॅडला ० आणि पीएस/२ वर अडखळणाऱ्याला १, असा अंदाज धरून सुरुवात करावी.

पीएस/२ वाल्यांसाठी ‘आय८०४२.नोमक्स’ आणि ‘आय८०४२.रीसेट’ हे दोन आधी पाहावेत. पहिला मल्टिप्लेक्सिंग (एकाच पोर्टवर अनेक साधनं जोडण्याची सोय) बंद करतो. काही कंट्रोलर ही सोय आहे असं सांगतात आणि प्रत्यक्षात ती अर्धवट असते. दुसरा बूटच्या वेळी कंट्रोलर रीसेट करतो.

काही लॅपटॉपवर ‘पीसीआय=नोसीआरएस’ने चमत्कार झाल्यासारखा वाटायचा. तिथे बायोसने आरक्षित दाखवलेला मेमरीचा भाग आणि आयटूसी कंट्रोलरला हवी असलेली जागा एकमेकांवर येत होत्या, म्हणून कंट्रोलरच उभा राहत नव्हता. नव्या कर्नलांत ही हाताळणी सुधारली आहे. पण हा कायम तुटणाऱ्या साखळीचा उपाय आहे. अधूनमधूनच्या बिघाडावर तो सहसा लागू पडत नाही आणि इतर पीसीआय साधनांना त्रास देऊ शकतो.

झोपेतून उठल्यावर गायब

आधी हाताने जागं करून पाहा. पीएस/२ असेल तर ‘सुडो मोडप्रोब -आर पीएसमाउस’, मग ‘सुडो मोडप्रोब पीएसमाउस’. आयटूसी असेल तर हेच ‘आयटूसी अंडरस्कोर एचआयडी अंडरस्कोर एसीपीआय’ला करा, मध्ये एक-दोन सेकंद थांबून. एवढ्याने टचपॅड परत येत असेल तर उठण्याच्या वेळची सुरुवात फसते आहे, आणि दुरुस्ती होईपर्यंत हेच काम आपोआप करवता येतं. ‘/यूएसआर/लिब/सिस्टमडी/सिस्टम-स्लीप/’ या फोल्डरमध्ये छोटी शेल स्क्रिप्ट ठेवा आणि तिला ‘चमोड ७५५’ने चालण्याची परवानगी द्या. सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम) तिला झोपण्यापूर्वी ‘प्री’ आणि उठल्यावर ‘पोस्ट’ हा शब्द देऊन बोलावतो. ‘प्री’ला मॉड्यूल काढायचा, ‘पोस्ट’ला घालायचा.

‘कॅट /सिस/पॉवर/मेम अंडरस्कोर स्लीप’ सध्याची झोप कोणती ते चौकटी कंसात दाखवतो. ‘एसटूआयडल’ हलकी झोप, ‘डीप’ खोल. दोन्ही उपलब्ध असतील तर बदलून पाहा. हलक्या झोपेत बॅटरी जास्त जाते, हे मात्र स्वीकारावं लागतं.

वापर चालू असतानाच, विशेषतः बॅटरीवर, टचपॅड अधूनमधून गोठत असेल तर वीजबचतीकडे पाहा. टीएलपी किंवा ‘पॉवरटॉप --ऑटो-ट्यून’ ही वीजबचतीची साधनं आयटूसी कंट्रोलरला झोपवतात आणि काही मशीनींवर तो वेळेत उठत नाही. इंटेलवर हे कंट्रोलर सहसा पीसीआयच्या ००:१५.० आणि ००:१५.१ या पत्त्यांवर असतात. त्या फोल्डरमधल्या ‘पॉवर/कंट्रोल’ फाइलमध्ये ‘ऑन’ लिहून दिवसभर पाहा. फरक पडला तर टीएलपीच्या रनटाइम पीएम वगळणीच्या यादीत तो पत्ता कायमचा टाका.

दाबलं की चालतो

लॅपटॉपची कड दाबल्यावर, झाकण हलवल्यावर किंवा गरम झाल्यावर वागणूक बदलत असेल तर सॉफ्टवेअर सोडा. बायोसच्या स्क्रीनवर टचपॅड चालत असेल तर तिथेही अधूनमधून मुका होतो का ते पाहा. तिथे लिनक्सचा हात नसतो.

आधी बॅटरी. टचपॅड एका बाजूने वर आला असेल, क्लिक कडक झालं असेल किंवा तळाची फट रुंद झाली असेल, तर खालची बॅटरी फुगलेली असू शकते. मशीन बंद करा, चार्ज करू नका, टचपॅड दाबून बसवायचा प्रयत्न करू नका आणि बॅटरी बदलून घ्या. फुगलेल्या बॅटरीला टोक लागलं तर आग लागते.

बॅटरी ठीक असेल तर रिबन केबल. आयटूसीच्या केबलमध्ये वीज, ग्राउंड, डेटा, घड्याळ आणि इंटरप्ट अशा किमान ५ रेषा असतात, आणि कोणती सैल आहे त्यावर लक्षण बदलतं. डेटा किंवा घड्याळ सुटलं तर टचपॅड सापडतच नाही किंवा ६५५३५ दिसतो. फक्त इंटरप्टची रेष सुटली तर रीसेट फसू शकतो किंवा नाव यादीत येऊनही आकडे हलत नाहीत. केबल पाहण्यापूर्वी बॅटरीची जोडणी काढा. कनेक्टरची पट्टी नखाने वर उचला, केबल सरळ ओढा, टोकं ९० टक्क्यांवरच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसा, वाळू द्या, पूर्ण आत सरकवून पट्टी बंद करा. केबल तिरकी बसली तर तंतोतंत हेच अनियमित लक्षण येतं.

फक्त चार्जर लावल्यावर कर्सर थरथरत असेल तर ते ग्राउंडिंग आहे. दुसऱ्या, नीट अर्थिंग असलेल्या सॉकेटवर किंवा दुसऱ्या अॅडाप्टरवर तपासा.

बदल केला, आता किती बूट पाहायचे?

एका वेळी एकच बदल. कर्नल पॅरामीटर आधी तात्पुरता: ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूत ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी तो जोडा आणि एफ१० दाबा. तो एकाच बूटपुरता राहतो. उपयोग दिसतोय असं वाटलं की ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’मध्ये लिहा आणि उबुंटूवर ‘सुडो अपडेट-ग्रब’ करा.

नंतर तीन बूट चांगले गेले म्हणून सुटलं असं धरू नका. चारपैकी एकदा होणारा बिघाड काहीही न करता सलग ३ वेळा टळण्याची शक्यता ४२ टक्के असते. सलग १० वेळा टळण्याची शक्यता सुमारे ६ टक्के, १६ वेळा टळण्याची १ टक्का. म्हणजे अशा बिघाडासाठी निदान १६ बूट मोजावेत, आणि तेही ज्या प्रकारच्या सुरुवातीत तो व्हायचा त्याच प्रकारचे. दहापैकी एकदा होणाऱ्याला तितक्याच खात्रीसाठी ४४ लागतात.

कर्नल बदलून पाहणंही याच मोजणीने करावं. ग्रबच्या ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जुना कर्नल असतो. जुन्यावर १६ पैकी १६ बूट चांगले आणि नव्यावर १२ च चांगले आले, तर ती कर्नलमधली नवी चूक असण्याची शक्यता मोठी. अशी चूक कळवताना दोन्ही बूटच्या संपूर्ण कर्नल नोंदी, इनपुट साधनांची यादी, ‘सुडो एसीपीआयडंप’ची फाइल, बायोसची आवृत्ती, शेवटचा चांगला व पहिला वाईट कर्नल, आणि किती बूटपैकी किती वेळा बिघडलं तो आकडा जोडावा. ‘सुडो डीमीडीकोड’मधून मॉडेल घ्या, पण सीरियल क्रमांक आणि यूयूआयडी पुसून मगच पाठवा.